अर्ध्या दिवसाची शाळा

तोक्योतील यामानोते या वर्तुळाकार रेल्वेमार्गावर शिंजुकु सोडले की शिन-ओकुबो आणि त्यापुढे ताकादानोबाबा अशी दोन स्थानके लागोपाठ येतात. या दोन स्थानकांच्या परिसरात परदेशी विद्यार्थ्यांना जपानी शिकवणाऱ्या अनेक शाळा आहेत. खाली खानावळ किंवा औषधांचे दुकान आणि वर चार-पाच अरुंद मजले, अशा इमारतींत त्या भरतात. त्यांना मैदान नसते, फाटक नसते, आणि सकाळच्या पाळीचे विद्यार्थी जिना उतरत असतानाच दुपारच्या पाळीचे तोच जिना चढत असतात. पुण्यात जपानीच्या सर्वांत सोप्या दोन पातळ्या पार करून मी त्यांपैकीच एका शाळेत दाखल झाले. त्या शाळेविषयी, आणि विशेषतः वर्गाच्या तासांबाहेर तिथे जे घडते त्याविषयी लिहावे, असे फार दिवसांपासून मनात आहे. जपानला निघालेल्या मराठी मुलामुलींशी बोलताना जाणवते, की या शाळेकडे ती केवळ पुढच्या दाराकडे नेणारी वाट म्हणून पाहतात : दोन वर्षे काढायची, परीक्षा द्यायची आणि तांत्रिक महाविद्यालयात, विद्यापीठात किंवा नोकरीत शिरायचे. शाळेच्या वार्षिक वेळापत्रकात सहल, भाषणस्पर्धा, अग्निसुरक्षेचा सराव, शेजारच्या प्राथमिक शाळेची भेट असे काही दिसले, की तो अभ्यासाचा बुडालेला दिवस समजला जातो. माझा अनुभव अगदी उलट आहे. आज मी जे जपानी बोलते, त्याचा मोठा भाग मला त्याच दिवसांनी दिला.

या शाळांची रचना ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा चार वेळा प्रवेश होतात, आणि अभ्यासक्रम जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा दिवस शाळा भरते. आठवड्याच्या साधारण २० तासिका होतात. आल्या आल्या चाचणी घेऊन वर्ग ठरवला जातो, त्यामुळे अठरा वर्षांचा मुलगा आणि तिशी ओलांडलेली बाई एकाच बाकावर बसू शकतात. हजेरीला अतोनात महत्त्व असते, कारण ती खालावली तर व्हिसाची मुदत वाढणे अवघड होते. म्हणूनच एखादा विद्यार्थी सकाळी आला नाही, तर शाळेतून त्याच्या फोनवर फोन जातात, आणि प्रसंगी शिक्षक त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन पोहोचतात.

वर्गात पहिल्या दिवसापासून फक्त जपानी बोलली जाते. त्याला दुसरा इलाजही नसतो, कारण समोर चिनी, नेपाळी, व्हिएतनामी, बर्मी, सिंहली अशा इतक्या मातृभाषा बसलेल्या असतात, की शिकवायला सोयीची अशी दुसरी सामाईक भाषाच उरत नाही. परक्या भाषेतून तीच भाषा शिकवणे कसे जमते, याचे मला सुरुवातीला नवल वाटे. काही आठवड्यांनी उलगडा झाला. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, आम्ही आजवर जेवढे शिकलो होतो, तेवढ्याच शब्दांत आणि तेवढ्याच वाक्यरचनांत बोलत असत. बाविसाव्या पाठात येणारी रचना एकविसाव्या पाठापर्यंत त्यांच्या तोंडून चुकूनही निघत नसे. गंमत सांगताना, रागावताना, कुणाच्या आजारपणाची चौकशी करताना, आपली सगळी भाषा बाजूला ठेवून आमच्या चिमूटभर भाषेत वावरायचे, आणि तरीही आम्हाला लहान मुलांसारखे वागवायचे नाही, हे केवढे कौशल्य आहे ते मला नंतर स्वतः थोडेफार शिकवू लागल्यावर उमगले. त्यातही एका वर्गाला आठवडाभरात दोन-तीन वेगवेगळे शिक्षक असतात आणि त्यांच्यातले बरेच जण तासिका तत्त्वावर काम करतात. काल कुठे थांबलो, कुणाला काय अडले, कोण गप्प होता, हे सारे एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे रोज लेखी नोंदीतून पोहोचते. सोमवारी अडखळलेला विद्यार्थी मंगळवारी दुसऱ्याच सेन्सेईंच्या समोर उभा राहतो, आणि त्यांना ते आधीच ठाऊक असते.

या काळजीपूर्वक मोजलेल्या भाषेत विद्यार्थी सुरक्षित असतो, आणि नेमकी तिथेच तिची मर्यादाही आहे. शाळेच्या दाराबाहेर कुणीही आपला कितवा पाठ झाला आहे हे विचारून बोलत नाही. उपक्रमांची गरज तिथे सुरू होते.

परदेशातून जपानी शिकायला येणे हे आजचेच नाही. १८९६ मध्ये चीनच्या छिंग सरकारने जपानला पाठवलेले पहिले १३ विद्यार्थी ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांच्याकडे सोपवले गेले, आणि त्यातूनच पुढे १९०२ मध्ये तोक्योच्या उशिगोमे भागात कोबुन गाकुइन ही संस्था उभी राहिली. तिथे चिनी तरुणांना जपानी भाषा आणि प्राथमिक शास्त्रविषय शिकवत, आणि ज्युदोच्या सरावाचीही सोय होती. आधुनिक चिनी साहित्याचे अध्वर्यू लू शुन १९०२ ते १९०४ या काळात तिथे शिकले आणि मग सेंदाईच्या वैद्यकीय शाळेत गेले. त्याच संस्थेत जपानी शिकवणाऱ्या मात्सुमोतो कामेजिरो यांनी १९१४ मध्ये कांदा भागात स्वतःची शाळा काढली, आणि चीनचे पुढचे पंतप्रधान चौ एन-लाय तिथले विद्यार्थी झाले. चौ १९१७ मध्ये जपानला आले, पुढच्या वर्षी दोन नामवंत संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत नापास झाले, आणि जपानी भाषा कच्ची राहिली हे त्यामागचे मोठे कारण होते. १९१९ मध्ये ते परतले. कांदा भागातल्याच जिम्बोचोजवळच्या एका छोट्या बागेत ते इथे शिकल्याची खूण सांगणारा दगड आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरायला गेले, की मी तिथे थांबत असे. प्रवेशपरीक्षेच्या धास्तीने पोखरलेला, घरच्या पैशांचा हिशेब मांडत बसलेला भाषाशाळेचा विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वीही तोच होता, या जाणिवेने मला मोठा धीर दिला आहे.

आता आमच्या शाळेकडे वळते. दाखल झाल्यानंतर काही आठवड्यांतच आम्हाला इकेबुकुरो येथील आपत्तिसुरक्षा केंद्रात नेण्यात आले. तोक्योच्या अग्निशमन विभागाचे हे केंद्र आहे. तिथे एका हलत्या खोलीत भूकंपाचा अनुभव देतात, धुराने भरलेल्या बोळातून खाली वाकून बाहेर पडायला लावतात आणि अग्निशामक नळकांडे वापरायला शिकवतात. नळकांडे उचलण्याआधी ‘काजी दा!’, म्हणजे ‘आग लागली!’, असे पूर्ण आवाजात ओरडायचे असते. वर्गात कुजबुजल्यासारखे बोलणाऱ्या एका व्हिएतनामी मुलीला तिथल्या जवानाने तीनदा परत ओरडायला लावले, आणि तिसऱ्या वेळी तिच्या आवाजाने आम्ही सारेच दचकलो. त्यानंतर ती वर्गातही ऐकू येईल असे बोलू लागली. ११९ क्रमांकावर फोन केला, की पलीकडून पहिला प्रश्न ‘आग की रुग्णवाहिका?’ असा येतो, हेही तिथेच पाठ झाले.

पण त्या दिवसाचा खरा गाभा परतल्यावर उलगडला. वर्गात सेन्सेईंनी फक्त एवढेच विचारले, की तुमच्याकडे भूकंप होतात का. नेपाळी मुलाने २५ एप्रिल २०१५ चा दिवस सांगितला : शनिवार होता, शाळेला सुट्टी होती म्हणून पुष्कळ मुले वाचली, आणि त्याच्या गावातली शाळेची इमारत मात्र उरली नाही. सिचुआनच्या मुलीने मे २००८ सांगितला; तिथे दुपारची वेळ होती आणि मुले वर्गांत होती. मी किल्लारीचे सांगितले, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची रात्र, झोपेत असलेली माणसे आणि दगडमातीची जड घरे. यातले काही मी पाहिलेले नव्हते, माझ्या आईकडून ऐकलेले होते, आणि ते सांगायला लागणारे शब्द माझ्याकडे नव्हते. ‘ढिगारा’ मला जपानीत येत नव्हता, म्हणून मी ‘घर दगड झाले’ असे म्हटले, आणि सगळ्यांना कळले. आमच्यापैकी कुणाचेही व्याकरण धड नव्हते, पण त्या तासाला प्रत्येकाने समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली. वेगवेगळ्या देशांतील माणसे एकमेकांशी बोलू शकतात अशी एकच भाषा आपल्याजवळ आहे आणि ती आपली कुणाचीच नाही, हे मला तेव्हा प्रथम नीट कळले. जपानी ही फक्त जपानी माणसांशी बोलायची भाषा आहे, हा माझा समज त्या दिवशी गळून पडला.

वर्गमित्रांचा हा भाग शाळेच्या माहितीपत्रकात कधी नसतो. जपानी शिक्षक विद्यार्थ्यांचे ढोबळ दोन गट मानतात : ज्यांच्या भाषेत कान्जी, म्हणजे चिनी चित्राक्षरे, आहेत ते, आणि ज्यांच्या भाषेत नाहीत ते. चिनी विद्यार्थी वर्तमानपत्राचा अर्थ लावू शकतो, पण तेच मोठ्याने वाचताना अडतो. आम्हा नेपाळी-मराठी-सिंहली मंडळींना कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद ही वाक्याची चाल घरचीच असल्याने बोलणे लवकर जमते, पण नित्य वापरातील म्हणून ठरवलेल्या २,१३६ कान्जींपुढे आमची दमछाक होते. म्हणून आम्ही जोड्या लावून अभ्यास करत असू. माझ्या शेजारी बसणारा नेपाळी मुलगा आणि मी कान्जीच्या डोक्यावर तिचा उच्चार देवनागरीत लिहीत असू, आणि आमच्या वह्या एकमेकांना जशाच्या तशा वाचता येत. शिन-ओकुबोच्या गल्लीतून तोच मला मोहरी आणि हिंग आणून देई.

प्राथमिक शाळेची भेट हा उपक्रम मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या शाळेने जवळच्याच एका प्राथमिक शाळेशी तसे ठरवले होते. आम्ही चार-पाच जण गटाने एका वर्गात जायचो आणि आपापल्या देशाविषयी सांगायचो. त्यासाठी चित्रे काढणे, मजकूर लिहून सेन्सेईंकडून तपासून घेणे, तो पाठ करणे अशी तयारी चाले. तयारी उपयोगी पडे ती पहिली पाच मिनिटे. त्यानंतर मुले प्रश्न विचारू लागत, आणि मुलांना पाठ क्रमांकाची शिस्त नसते. ती भरभर बोलतात, शब्द अर्धवट तोडतात, एकमेकांच्या वर बोलतात, आणि कळले नाही असे म्हटले तर तेच वाक्य फक्त आणखी मोठ्याने म्हणतात. आमच्या वर्गातला कोणताही ऐकण्याचा सराव त्याच्या जवळपास पोहोचला नसता.

पहिल्या भेटीत मुलांची नावे देवनागरीत लिहून देण्याचे मी ठरवले होते. फळ्यावर आधी अ, इ, उ, ए, ओ असे स्वर लिहिले आणि मग क, त, न, म, य, र अशी व्यंजने मांडत गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, की हे तर आमच्यासारखेच आहे. ती बरोबर बोलत होती. जपानी मुळाक्षरांचा आजचा क्रम, ज्याला तिथे पन्नास ध्वनींचा तक्ता म्हणतात, त्यावर बौद्ध भिक्षूंनी सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतून जपानमध्ये नेलेल्या संस्कृत वर्णमालेची छाप आहे. आधी स्वर, मग कंठापासून ओठांकडे सरकत जाणारी व्यंजने. त्यांचा ‘ह’ ओठांच्या ओळीत ‘म’च्या आधी बसतो, कारण प्राचीन काळी त्याचा उच्चार ‘प’च्या जवळचा होता. हे मी पुण्यात शिकत असताना कुठेतरी वाचले होते, पण आठ वर्षांच्या मुलांना जपानीत समजावताना ते माझे झाले. त्यानंतर आपले नाव लिहून घ्यायला रांग लागली, आणि रांगेतल्या प्रत्येकाशी दोन वाक्ये तरी बोलावीच लागली.

सुलेखन, युकाता हा सुती किमोनो नेसण्याचा दिवस, फेब्रुवारीत दाणे उधळून दैत्य पळवणे, हे सारे होते आणि आनंदाचे होते. ७ जुलैच्या तानाबाता या सणाला बांबूच्या डहाळीवर रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांधतात. आमच्या शाळेतल्या त्या पट्ट्या वाचल्या, तर व्हिसा, आईची तब्येत आणि परीक्षेची पातळी या तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येकीवर सापडत.

कामाकुराच्या सहलीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. कोतोकुइन मंदिरातील कांस्याचा महाबुद्ध तेराव्या शतकातला आहे, त्याची उंची ११ मीटरच्या वर आहे, आणि एकेकाळी त्यावर असलेले मंदिर नष्ट झाल्यापासून तो उघड्या आकाशाखाली बसलेला आहे. आम्ही सारे त्याची छायाचित्रे घेण्यात गुंतलो होतो. आमच्या वर्गातला श्रीलंकेचा विद्यार्थी मात्र आवारातल्या एका शिळेपाशी उभा होता. ती शिळा श्रीलंकेचे पुढचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांच्या स्मरणार्थ आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील शांतता परिषदेत सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, प्रतिनिधी म्हणून त्यांनी जपानकडून नुकसानभरपाई न मागण्याची भूमिका मांडली होती आणि वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन उच्चारले होते. आमचा हा मित्र वर्गात फारसा बोलत नसे. त्या दिवशी तो तिथल्या जपानी पर्यटकांना आणि आम्हाला मिळून ती हकिगत सांगू लागला, अडखळत, शब्द शोधत, हातवारे करत. एका वृद्ध जपानी गृहस्थांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि आपल्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणून त्याचे आभार मानले. ‘न हि वेरेन वेरानि’ ही गाथा मला पालीतून येत होती, कारण आमच्या शेजारच्या घरात ती दर बुद्धपौर्णिमेला म्हटली जाई. मी ती म्हटली आणि तो माझ्याबरोबर म्हणू लागला. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे आणि ते ऐकायला समोर कुणी उभे आहे, त्याला भाषा शोधावीच लागते. वर्गातल्या संवादाच्या सरावात ही निकड निर्माण करता येत नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू. ज्यांना या दिवसांची सर्वाधिक गरज असते, नेमके तेच विद्यार्थी त्या दिवशी सर्वांत थकलेले असतात. भाषाशाळेचे वर्षाचे शुल्क साधारण सात-आठ लाख येन असते. विद्यार्थी-व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येते. शाळेच्या दीर्घ सुट्टीत रोज ८ तास. तोक्योतील किमान वेतन ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात ताशी १,१६३ येन होते. या दराने २८ तासांचे आठवड्याला साडेबत्तीस हजार आणि महिन्याला सुमारे एक लाख तीस हजार येन होत. त्यातून शुल्काचा हप्ता, खोलीचे भाडे, विमा, जेवण, आणि पुष्कळांच्या बाबतीत गावाकडच्या दलालाचे कर्ज फेडायचे असते. रात्रपाळीला पैसे अधिक मिळतात, म्हणून मुले रात्रपाळी घेतात. पहाटेच्या गाडीने परतून, दोन तास झोपून, नऊ वाजता वर्गात आलेल्या मुलाचे डोके बाकावर टेकले, तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

आमच्या भाषणस्पर्धेत माझ्या नेपाळी शेजाऱ्याने हाच विषय घेतला होता. तो तयार जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करत असे. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक डब्यात एकच पदार्थ ठेवायचा, तोंडावर मुखपट्टी, यंत्रांचा आवाज, आणि बोलण्याला मनाई. लोकांना वाटते, की जपानमध्ये काम केले म्हणजे जपानी आपोआप येते. पण रात्रभर काम करूनही त्याच्या तोंडून एक वाक्य निघत नाही, आणि त्याला जपानी बोलायला मिळते ते फक्त या इमारतीत, असे तो म्हणाला. त्याला बक्षीस मिळाले नाही, कारण त्याचे उच्चार आणि पाठांतर दोन्ही कमी पडले. परंतु त्यानंतर आमच्या शाळेने बाहेरचे उपक्रम शक्यतो आठवड्याच्या मध्यावर, शाळेच्याच वेळेत आणि हजेरीत धरून ठेवायला सुरुवात केली. शनिवारी ठेवलेल्या सहलीला येणे म्हणजे दिवसाचा पगार सोडणे, हे त्या भाषणाने शिक्षकांसमोर स्पष्ट मांडले होते.

परीक्षेनेही या बाबतीत मदत होत नाही. ज्या जपानी भाषा प्रवीणता परीक्षेभोवती हे सारे आयुष्य फिरते, ती १९८४ मध्ये सुरू झाली, २०१० मध्ये तिच्या चारच्या पाच पातळ्या झाल्या, आणि आजही तिच्यात बोलण्याची किंवा लिहिण्याची चाचणी नाही. सारी उत्तरे पर्याय निवडून द्यायची असतात. त्यामुळे वरून दुसरी, म्हणजे बरीच अवघड, पातळी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी दवाखान्याच्या खिडकीशी गोंधळून उभा राहू शकतो. १ एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये नवा कायदा लागू झाला असून भाषाशाळांना आता शिक्षणमंत्र्यांची मान्यता घ्यावी लागते आणि शिक्षकांसाठी राष्ट्रीय अर्हता सुरू झाली आहे. जुन्या शाळांना त्यासाठी मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे. प्रत्यक्ष जीवनात भाषा वापरता येण्यावर या नव्या चौकटीचा भर आहे, ही मला आशेची गोष्ट वाटते.

पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून जी मुलेमुली मला विचारतात, त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली पैशांची : निदान सुरुवातीच्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा, म्हणजे रात्रपाळी घ्यावी लागणार नाही आणि काम निवडताना खानावळीसारखे, माणसांशी बोलावे लागेल असे निवडता येईल. दुसरी शाळा निवडण्याची. परीक्षेच्या निकालांचे आकडे सगळ्याच शाळा दाखवतात. तुम्ही गेल्या वर्षाचे उपक्रमांचे वेळापत्रक मागा, ते दिवस हजेरीत धरतात का ते विचारा, आसपासचे रहिवासी किंवा शाळकरी मुले यांच्याशी भेट वर्षातून किती वेळा होते ते विचारा, आणि तुमच्या वर्गात किती देशांचे विद्यार्थी असतील तेही विचारा. ज्या शाळेत सगळा वर्ग एकाच देशाचा असेल, तिथे मधल्या सुट्टीत जपानी ऐकू येणार नाही, मग शुल्क कितीही कमी असो.